मिशीवाल्या बाई आणि रंगांचा महिना

...आणि वर मला म्हणतात, "अहो, त्यात काय एवढं? चार वर्षांची पोरं ती! लाल, पिवळा, निळा, हिरवा... झालं!" झालं म्हणे! चार रंग, बावीस पोरं, एक महिना आणि मध्ये मी! एकदा जाऊन उभं राहा म्हणावं त्या खोलीत, बावीसच्या बावीस जणांच्या हातात ओला ब्रश असताना, आणि मग सांगा मला काय झालं ते! मी रंगारी माणूस. उभा जन्म भिंतींसमोर गेला. दवाखाने रंगवले, दुकानं रंगवली, जिन्याखालच्या अंधाऱ्या खोल्या रंगवल्या, वर शिडी, खाली बादली, मध्ये मी, पण कधी रडलो नाही. त्या महिन्यात दोनदा रडलो! तुम्हाला सांगतो, भिंत बरी! भिंत उलट बोलत नाही, भिंत ब्रश चाटत नाही, आणि नेमका दुसरा हात मारायच्या वेळी भिंत कधी म्हणत नाही, "मला शी आली."

तर गोष्ट सव्वीस वर्षांपूर्वीची. आमची ही शिशुवर्गाला शिकवायची. एक खोली, दोन खिडक्या, गुडघ्याएवढी टेबलं, आणि भिंतीला ओळीनं खुंट्या, त्यावर इवलीशी दप्तरं. सहा पोरांवर वर्ग सुरू केला होता तिनं, घरोघर जाऊन, "पाठवा हो, पाठवा हो" करत, अकरा वर्षांत बावीस केली. आणि एके दिवशी फळ्याच्या वर कागदाचा ढग चिकटवायला स्टुलावर चढली आणि पडली. लोक झाडावरून पडतात, जिन्यावरून पडतात, ही ढगापायी पडली! पाय मोडला. सहा आठवडे प्लास्टर.

दुसऱ्याच दिवशी मोठ्या बाई घरी हजर. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्य. हातात बिस्किटांचा पुडा, चेहऱ्यावर काळजी, आणि त्या काळजीच्या खाली आधीच ठरवून आणलेलं सगळं. "तुम्ही अगदी आराम करा हं," त्या म्हणाल्या, "हा आपला रंगांचा महिना आहे, शेवटच्या शनिवारी पालक बघायला येणार, पण तुम्ही मुळीच काळजी करू नका, मी मुलांना पलीकडच्या शाळेत पाठवते, तिथल्या बाई तयार आहेत." आता पलीकडच्या शाळेत गेलेलं पोर परत येतं का हो? तिथे घसरगुंडी होती! आमच्या हिच्या चेहऱ्याचा रंग... म्हणजे रंगाचं मला विचारू नका, पण चेहरा उतरला एवढं मला कळलं. प्लास्टरवर एक टिचकी मारली आणि म्हणाली, "नको. हे जातील."

मी म्हटलं, "हे म्हणजे कोण?"

"हे म्हणजे तुम्ही!"

मोठ्या बाई इतक्या खूश! "अगंबाई, खरंच की! रंगारीच ते! त्यांच्याइतकं रंगांचं दुसऱ्या कोणाला कळणार?" आणि आमची ही, गंभीर चेहऱ्यानं, पापणीसुद्धा न हलवता, "तेच म्हणते मी."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. का पळालं? सांगतो. ते दार जरा लोटून घ्या... हं. मला लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नाही. हसू नका! जन्मापासून कळत नाही. निळा कळतो, पिवळा कळतो, पण लाल, हिरवा आणि तपकिरी हे तिघे माझ्यासमोर आले की सख्खे भाऊ एकसारखे कपडे घालून उभे राहावेत तसे दिसतात. कोण थोरला, कोण धाकटा, देव जाणे! मग रंगारी कसा झालात, विचाराल. अहो, वडील रंगारी, त्यांनी ब्रश हातात दिला, मी घेतला. आणि डब्यावर नाव लिहिलेलं असतं की! वाचता येत असलं म्हणजे झालं. घोळ व्हायचा तो उघड्या डब्यांचा, ओघळांनी नाव पुसलं गेलं की संपलं.

हे जगात फक्त आमच्या हिला ठाऊक होतं. आमची पहिली भेट झाली तेव्हा काहीतरी गोड बोलावं म्हणून मी म्हटलं, "तुमचा हा हिरवा स्वेटर फार शोभतो तुम्हाला." ती माझ्याकडे बघत राहिली. स्वेटर होता लालभडक! दुसरी असती तर "येडा दिसतोय" म्हणून उठून गेली असती. हिनं शांतपणे चहा संपवला आणि विचारलं, "आणि ही खुर्ची कुठल्या रंगाची?" तिथेच, पहिल्या भेटीत, माझी परीक्षा! नापास झालो आणि लग्न ठरलं. लग्नानंतर तिनं माझ्या सगळ्या डब्यांच्या कड्यांना लोकरीच्या गाठी बांधल्या. एक गाठ म्हणजे लाल, दोन म्हणजे हिरवा, तीन म्हणजे तपकिरी. गिऱ्हाईक विचारायचं, "ही लोकर कशाला हो?" मी म्हणायचो, "आमच्या वडिलांपासूनची पद्धत आहे." पंधरा वर्षं चाललं, एखादी गाठ सुटून हरवली की मात्र देवावर हवाला! भिंत बरी हो, भिंत विचारत नाही, "तुला मी दिसते का रे नीट?"

तर मी गेलो. सोमवारी सकाळी. पिशवीत रंगाच्या सोळा बाटल्या, हिनं पलंगावर बसून प्रत्येक बाटलीच्या गळ्याला गाठी बांधून दिलेल्या. दारात पाऊल टाकलं आणि बावीस तोंडं एका सुरात, "नमस्तेऽऽ बाऽऽई!" सवय हो! त्या खोलीत फळ्यापुढे जो उभा राहील तो बाई. मी म्हटलं, "मी बाई नाही, मी काका." एक शेंबडा पुढे येऊन मला खालपासून वरपर्यंत बघून म्हणतो, "बाई, तुमाला मिशी आलीय." म्हटलं, अरे मी बाई नाही! तर मागून दुसरा त्याला समजावतोय, "या मिशीवाल्या बाई आहेत." झालं! महिनाभर मी मिशीवाल्या बाई. घरी जाताना रस्त्यावर भाजी घेताना लांबून हाक, "मिशीवाल्या बाऽऽई!" आणि अख्खा बाजार वळून माझ्याकडे बघतोय!

पहिल्या दिवशी मला वाटलं, आपल्याला येतं तिथून सुरुवात करावी. मी म्हटलं, "मुलांनो, रंग लावायच्या आधी काय करायचं? भिंत घासायची! मग भेगा बुजवायला लांबी भरायची! लांबी वाळली की पुन्हा घासायचं, मग अस्तर, मग पहिला हात..." पंधरा मिनिटं बोललो. इतकं मनापासून कोणाला सांगितलं नव्हतं. वळून बघतो तर आठ जण झोपलेले, चौघं टेबलाखाली, एक जण माझ्या पिशवीतला पॉलिशपेपर गालाला घासून बघतोय, आणि एक पोरगी... अगदी शांत. टोपीवाली. डोक्यावर विणलेली टोपी, उन्हातसुद्धा काढायची नाही. एका कोपऱ्यात मांडी घालून बसलेली, समोर माझ्या सोळाच्या सोळा बाटल्या, आणि नखांनी, जिभेचं टोक बाहेर काढून, एकेक गाठ सोडत होती! सोळा बाटल्यांच्या सगळ्या गाठी! लोकरीचे तुकडे नीट जुळवून शेजारी ठेवलेले. वर माझ्याकडे बघून म्हणते कशी, "बाई, मी सगल्या सोडल्या."

पाचावर धारण बसली! सोळा बाटल्या समोर, त्यांतल्या दहा मला एकसारख्या, आणि बावीस जण ओरडतायत, "रंग! रंग! रंग!" काय करणार? पळून जावं म्हटलं तर दारात मोठ्या बाई उभ्या, हसून बघतायत. मी एक बाटली उचलली, वर धरली, छाती पुढे काढली आणि ठणकावून विचारलं, "सांगा बरं, हा कुठला रंग?"

"लाऽऽऽल!"

"शाब्बास! आणि हा?"

"हिरवाऽऽऽ!"

अहो, माझे डोळेच उघडले! पंधरा वर्षं उगाच भिंतींबरोबर काढली, आपला धंदा हा होता! शिक्षकाला यायला कुठे लागतं? विचारता आलं म्हणजे झालं! मोठ्या बाई बाहेर कोणालातरी सांगत होत्या, "बघा, किती छान पद्धत आहे त्यांची, स्वतः सांगतच नाहीत, मुलांकडून काढून घेतात!" काढून घेणार नाहीतर काय करणार बाई, माझ्याकडे काही होतं का द्यायला!

मग मी रोज विचारायला लागलो. आणि खरं सांगतो, आधी जीव वाचवायला विचारत होतो, पण दुसऱ्या आठवड्यापासून मला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणायचो, "लाल लाल करता, पण लाल असतो कसा रे? मला कळेल असं सांगा." मोठ्या माणसाला विचारा, तो म्हणेल, "लाल म्हणजे... लालच की!" पण पोरं? एक जण डोळे मिटून म्हणाला, "बाई, लाल गरम असतो." दुसरी म्हणाली, "लाल म्हणजे आई ओरडते ना, तसा." आणि हिरवा? "हिरव्याला ओला वास येतो." "हिरव्यावर झोपता येतं." एक शेंबडा गालाला हात लावून म्हणाला, "तपकिरी म्हणजे आजोबा." मी तिथेच त्या गुडघ्याएवढ्या टेबलावर बसलो हो! टेबल मोडता मोडता वाचलं. पंधरा वर्षं तो लाल मी लोकांच्या दारांना फासत आलो, पण तो कसा असतो ते मला पहिल्यांदा कोणीतरी सांगितलं. हे माझं पहिलं रडणं. पोरांना सांगितलं, डोळ्यात रंग गेला. लगेच बावीस जण विचारतात, "कुठला?"

आता सगळं सुरळीत चाललं होतं. पण बावीसांत एकवीस आवाज "लाल" म्हणायचे आणि एक आवाज, बारीक, अर्धा सेकंद उशिरा, "हिरवा?" ती टोपीवाली. कागदावर झाड काढलं, तर पानं तपकिरी आणि बुंधा हिरवा. टोमॅटो हिरवा, गवत लाल. पोरं हसायची, "बाई, हिला येतच नाही!" मोठ्या बाई म्हणायच्या, "लक्ष नाही तिचं." मी ते चित्र हातात धरून बघत होतो, आणि तुम्हाला खरं सांगतो, मला त्यात काही चूक दिसेना! चांगलं झाड होतं! मग डोक्यात उजेड पडला. ही... माझ्यासारखी आहे!

संध्याकाळी फाटकाशी तिचा बाप तिला न्यायला आला. भाजीवाला होता, कोपऱ्यावर गाडी लावायचा, मीही त्याच्याकडून घ्यायचो. माणूस वाईट नव्हता हो, पोरीचं दप्तर स्वतःच्या खांद्याला लावून न्यायचा. पण त्या दिवशी कोणीतरी त्याला सांगितलं होतं, तुमच्या मुलीला रंगसुद्धा येत नाहीत. त्यानं पिशवीतून टोमॅटो काढला, पोरीच्या नाकासमोर धरला, "रोज सांगतो ना तुला? रोज! हा कुठला? लाल! म्हण, लाल!" आणि कान धरला तिचा, टोपीवरून. ती रडली नाही. टोमॅटोकडे बघत राहिली. शाळेत असताना मी असंच बघायचो.

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "उद्याच्या उद्या तिच्या वडिलांना सांगा." मी म्हटलं, "कसं सांगू? तो विचारेल, तुम्हाला कसं कळलं? मग मी काय सांगू? गावातल्या निम्म्या भिंती माझ्या हातच्या आहेत!" तिनं पाठीमागची उशी सरळ केली. मी म्हटलं, "माझ्याकडे युक्ती आहे." आणि दुसऱ्या दिवशी मी टोपीवालीला कोपऱ्यात घेतलं, तिच्या बाटल्यांना लोकर बांधली आणि कानात सांगितलं, "एक गाठ लाल, दोन गाठी हिरवा, तीन गाठी तपकिरी. कोणाला सांगायचं नाही. आपलं गुपित." तिचे डोळे असे चमकले! दोन दिवसांत सगळं बरोबर! पानं हिरवी, टोमॅटो लाल, मोठ्या बाई चकित, बाप खूश, एक जुडी कोथिंबीर मला फुकट! मी घरी जाऊन ऐटीत सांगितलं. मला वाटलं ही म्हणेल, वा! तर ती प्लास्टरवर हात फिरवत म्हणाली, "गाठी मी तुमच्यासाठी बांधल्या होत्या. मोठ्या माणसासाठी. चार वर्षांच्या पोरीला लपवायला शिकवू नका." मी चिडलो. जेवलो नाही. जेवलो, पण बोललो नाही. तुम्हाला सांगतो, भिंत बरी! भिंत खरं बोलत नाही.

आणि उजाडला की हो शेवटचा शनिवार! पालकांचा शनिवार. खोलीत पालकच पालक, गुडघ्याएवढ्या खुर्च्यांवर मोठमोठी माणसं, गुडघे कानाशी. आमची ही पण आली, दोघांनी खुर्चीसकट उचलून आणली, प्लास्टरचा पाय पुढे स्टुलावर. आणि मी बघतो तर काय, अर्धी माझी गिऱ्हाईकं! केस कापणारे बसलेत, ज्यांच्या दुकानाचं दार मी रंगवलं. शिंपी बसलेत, ज्यांचा जिना मी रंगवला. दाताचे डॉक्टर बसलेत. भाजीवाला मागे उभा, धुतलेला शर्ट, केसांना पाणी लावून. भिंतींना पालक नसतात हो! भिंत बघायला कोणी नटूनथटून येत नाही!

मी बाटल्या मांडल्या, तेवढ्यात मोठ्या बाई पुढे आल्या. "आज बाटल्या नकोत," त्या म्हणाल्या, "कपडे खराब होतील पाहुण्यांचे. मी नव्या रिबिनी आणल्यात!" आणि टेबलावर रंगीत रिबिनींचा ढीग ओतला. एकसारख्या लांबीच्या, गुळगुळीत, इस्त्री केल्यासारख्या. एकही गाठ नाही! एकेक मूल येतंय, मोठ्या बाई सांगतायत, "निळी उचल," उचलली, टाळ्या. "लाल उचल," उचलली, टाळ्या. आणि मग, "ये गं टोपीवाली. हिरवी उचल बरं."

ती आली. रिबिनी उचलून उचलून बघायला लागली. पहिली चाचपली, खाली ठेवली. दुसरी चाचपली, खाली ठेवली. लोकांना वाटलं खेळतेय. मला ठाऊक होतं काय शोधतेय. गाठ शोधत होती पोर! मोठ्या बाई म्हणाल्या, "चाचपायचं नाही, बघायचं." एक जण हसला. मागून बापाचं खाकरणं ऐकू आलं, तो पुढे यायला निघाला होता. आणि ती वळली आणि तिनं माझ्याकडे बघितलं. आईकडे नाही, बापाकडे नाही, माझ्याकडे. एक शब्द बोलली नाही. "सांगायचं नाही" म्हणून मीच सांगितलं होतं ना! ओठ घट्ट मिटून, गुपित पाळत उभी!

मोठ्या बाई मला म्हणाल्या, "तुम्हीच दाखवा तिला. यातली हिरवी कुठली?"

मी ढिगाकडे बघितलं. हिच्याकडे बघितलं. ही प्लास्टरचा पाय पुढे करून बसली होती, आणि तिनं मान हलवली. इतकीशी. मी म्हटलं, "मला नाही ठाऊक."

"म्हणजे?"

"म्हणजे मला दिसत नाही. लाल आणि हिरवा. जन्मापासून. तिलाही दिसत नाही. तिचं लक्ष असतं. माझ्यापेक्षा जास्त असतं. डोळेच तसे आहेत, त्याला ती काय करणार? आणि लपवायला तिला मी शिकवलं. चूक माझी."

आणि मग केस कापणारे उठले! "थांबा थांबा थांबा... माझ्या दुकानाचं दार! मी तुम्हाला चॉकलेटी सांगितलं होतं! आठ वर्षं झाली, लोक 'हिरव्या दाराचं दुकान' म्हणतात!" मी म्हटलं, "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?" तर ते म्हणाले, "मला वाटलं, रंगारी माणूस म्हणतोय चॉकलेटी, तर चॉकलेटीच असेल! माझंच काहीतरी चुकत असेल!" शिंपी ओरडले, "आणि माझा जिना?" डॉक्टर म्हणाले, "आमच्याकडे काय केलंय ते आत्ताच सांगा!" सगळे एकदम बोलतायत, मोठ्या बाई रिबीन हातात धरून पुतळ्यासारख्या, आणि त्या गोंधळातून वाट काढत भाजीवाला माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता मारतो.

तो हळूच म्हणाला, "तुम्ही टोमॅटो कसे निवडता?"

मी म्हटलं, "दाबून."

"बघून नाही?"

"बघून काय कळणार मला?"

त्यानं स्वतःच्या बोटांकडे बघितलं. मग म्हणाला, "मीपण दाबूनच निवडतो. मला वाटायचं, सगळेच दाबून निवडतात." रोज ज्या टोमॅटोवरून पोरीचा कान धरला, तो टोमॅटो त्यालाच कधी दिसला नव्हता! कोणी सांगितलेलं लाल, त्यानं पाठ केलेलं लाल! तो तिथेच खाली बसला, एवढा मोठा माणूस, त्या रिबिनींच्या ढिगापाशी, टोपीवालीला मांडीवर घेतलं आणि म्हणाला, "चल, आपण दोघं मिळून शोधू." दोघांनी मिळून एक उचलली. लाल होती. कोणी हसलं नाही. हे माझं दुसरं रडणं. या वेळी कोणी "कुठला रंग गेला" विचारलं नाही.

मोठ्या बाईंना मग वाचा फुटली. "पण हा महिनाभर... ज्यांना रंगच दिसत नाहीत त्यांनी मुलांना... मी पालकांना काय उत्तर देऊ?" आता आमची ही बोलली. बसल्या जागेवरून, बाईंच्या आवाजात. तो आवाज वेगळाच असायचा. म्हणाली, "मुलांनो, मिशीवाल्या बाईंना लाल दिसत नाही. त्यांना सांगा बरं, लाल कसा असतो?" आणि अहो, बावीस जणं सुटली! "लाल गरम असतो बाई!" "चटका बसतो तसा!" "हिरव्याला ओला वास येतो!" एकाला थांबवावं तर दुसरं सुरू! रिबिनी उचलून उचलून माझ्या मांडीवर आणून ठेवतायत, "हा बघा लाल, घ्या, हा बघा हिरवा, आता दिसला?" पालक बघत राहिले. कारण घरी त्या पोरांना कोणी कधी काही शिकवू दिलंच नव्हतं ना! इथे महिनाभर त्यांना एक मोठा, मिशीवाला, खरोखरचा अडाणी विद्यार्थी मिळाला होता! वर्ग कुठेही गेला नाही. पलीकडे घसरगुंडी असूनही नाही. ही पुढे अठरा वर्षं त्याच खोलीत शिकवत राहिली, आणि दरवर्षी रंगांच्या महिन्यात एक दिवस मला बोलावणं यायचं. नवी पोरं, तीच हाक, "नमस्ते मिशीवाल्या बाऽऽई!"

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं, मी, भाजीवाला आणि टोपीवाली, डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी ठिपक्यांची पानं दाखवली, त्यात आकडे असतात म्हणे. पहिल्या पानानंतर तिघांनाही एकही आकडा धड सांगता आला नाही! डॉक्टर म्हणाले, "मुलींमध्ये हे फार कमी दिसतं, वडिलांना असलं तरच होऊ शकतं. औषध नाही, पण काळजीचं कारणही नाही." टोपीवालीला सगळ्यात मोठा आनंद कशाचा झाला? तिघं एकदम नापास झालो याचा!

माझा धंदा? मला वाटलं बसला. बसला कुठला! केस कापणाऱ्यांनी दार तसंच ठेवलं, गिऱ्हाईकांना खूण सापडते म्हणून. बाकीचे बोलावत राहिले, पण आता काम सुरू झालं की अख्खं घर माझ्या मागे खुर्च्या टाकून बसायचं. "काका, तो नाही, त्याच्या शेजारचा डबा!" "काका, ही विटकरी आहे हं, घाबरू नका!" म्हाताऱ्या आजीसुद्धा काठीनं डबा दाखवायच्या. भिंत बरी म्हणत होतो ना? भिंतीसमोरची माझी ती शांतता त्या शनिवारी जी गेली ती गेलीच. पण आता वाटतं, पंधरा वर्षं एकटा शिडीवर उभा होतो, त्यापेक्षा ते बरं होतं.

आमची ही जाऊन तीन वर्षं झाली. ती खोली आहे अजून, तिथे आता मोबाइल दुरुस्त करतात. दप्तरांच्या खुंट्या तशाच आहेत, त्यांना वायरी लटकतात. मी कधी कधी उगाच जातो, फोन बिघडला म्हणून सांगतो. तो पोरगा म्हणतो, "काका, याला काही झालेलं नाही." म्हटलं, असू दे, बघ जरा.

आणि मागच्या महिन्यात टोपीवाली आली. तीस वर्षांची झालीय, नोकरी करते, स्वतःचं घर घेतलंय, दोन खोल्यांचं. टोपी नाही आता. म्हणाली, "बाई, माझं घर तुम्हीच रंगवायचं." म्हटलं, अगं मी ब्रश सोडला, गुडघे दुखतात. "ते चालणार नाही," म्हणाली. गेलो. भाजीवाला पण आला होता, म्हातारा झालाय, पण शिडी धरायला हजर. मी विचारलं, "रंग कुठला?" तिनं दुकानातून शेडकार्ड आणलं होतं. आम्ही तिघं खिडकीशी उजेडात बसलो, आणि दोन तास त्या कार्डावर चर्चा केली, हा थोडा उबदार वाटतो, नको, तो जरा शांत आहे, हा कसा, पावसानंतरच्या मातीसारखा... बाहेरच्या कोणाला विचारायचं नाही, असं तिनंच ठरवलं. शेवटी एक निवडला, तिघांच्या मतानं. चार भिंती, दोन हात, माझ्या हातून झालेलं सगळ्यात सुंदर काम! तिघांनी उभं राहून बघितलं, कोणाला जराही शंका नाही.

आता शेजारपाजारचे घर बघायला येतात. दारात थबकतात. आत बघतात. एकमेकांकडे बघतात. मग म्हणतात, "वेगळा आहे हं!"

सगळे तेच म्हणतात. "वेगळा आहे हं!" आता हा 'वेगळा' नावाचा रंग नेमका कुठला, ते एकजण सांगेल तर शपथ... आणि आम्हीही म्हटलं, जाऊ दे, कशाला विचारायचं, आता लावून तर झालाय!